भाकरीचा न पचलेला भाग कुठे जातो?

हिवाळा आला की जळगाव-भुसावळकडे शेताशेतांत भरीत पार्ट्या सुरू होतात. काड्यांच्या जाळावर हिरवी वांगी भाजायची, सोलून ठेचायची, कांद्याची पात, हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे घालून तेलात परतायची. मग कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी, सोबत मुळा आणि कांदा, आणि जेवणाऱ्याने हात आखडता घ्यायचा नाही हा एकच नियम. जेवून उठणारा सांगतो, आज चार भाकरी पचवल्या.

ते पुरतं खरं नाही. ज्वारीतला बहुतेक स्टार्च, उडदातली प्रथिनं, शेंगदाण्यातलं तेल हे त्याने पचवलं, यात वाद नाही. पण ज्वारीच्या कोंड्यात, वांग्याच्या गरात, कांदा-लसणात काही पदार्थ असे असतात की ते मोडणारी एन्झाइम्स माणसाच्या शरीरात तयारच होत नाहीत. यालाच आपण चोथा किंवा तंतुमय पदार्थ म्हणतो. हा भाग जठरातून आणि साधारण सहा मीटर लांबीच्या लहान आतड्यातून जसाच्या तसा पुढे सरकतो आणि दीड मीटरच्या मोठ्या आतड्यात येऊन पडतो. आपल्या दृष्टीने जेवण इथे संपलेलं असतं. मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंचं जेवण तिथून सुरू होतं.

हे जिवाणू किती? इस्रायलमधल्या वाइझमन संस्थेतले रॉन मिलो आणि त्यांचे सहकारी यांनी 2016 मध्ये नीट हिशेब मांडला. सत्तर किलोच्या माणसाच्या अंगात साधारण 38 लाख कोटी जिवाणू आणि त्याच्या स्वतःच्या पेशी साधारण 30 लाख कोटी. म्हणजे जवळपास बरोबरी. त्याआधी अनेक वर्षं ‘पेशींच्या दहापट जिवाणू’ असं छापून येत होतं आणि व्हॉट्सअ‍ॅपवर अजूनही येतं. तो आकडा जुन्या ढोबळ अंदाजातून आलेला होता. या सगळ्यांचं मिळून वजन भरतं पाव किलोच्या आत.

त्यातले बहुतेक मोठ्या आतड्यातच का राहतात, याचं कारण साधं आहे. जठरातल्या तीव्र आम्लात फार थोडे टिकतात. लहान आतड्यात सगळं वेगाने पुढे ढकललं जातं, स्थिरावायला सवड मिळत नाही. मोठ्या आतड्यात मात्र वेग मंदावतो, ऑक्सिजन जवळजवळ नसतो, आणि आपण न पचवलेलं अन्न आयतं येऊन पडतं. तिथले कितीतरी जिवाणू ऑक्सिजन लागला तर मरतात. त्यामुळे ते प्रयोगशाळेत वाढवणं फार जिकिरीचं होतं. त्यांची डीएनएवरून मोजदाद करण्याचं तंत्र स्वस्त झालं तेव्हा, म्हणजे गेल्या वीसेक वर्षांत, या विषयाला खरा वेग आला.

आता त्या चोथ्याचं काय होतं ते पाहू. जिवाणू तो आंबवतात आणि त्यातून छोटी आम्लं तयार होतात: अ‍ॅसिटेट, प्रोपिओनेट आणि ब्युटिरेट. यातलं ब्युटिरेट लक्षात ठेवण्यासारखं आहे. मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराच्या पेशी आपली बहुतांश ऊर्जा रक्तातल्या साखरेतून घेत नाहीत, या ब्युटिरेटमधून घेतात. म्हणजे आपल्या आतड्याचं अस्तर आपण थेट पोसतच नाही, ते काम जिवाणूंकडे आहे. ब्युटिरेटमुळे अस्तराच्या पेशी एकमेकींना घट्ट चिकटून राहतात आणि आतड्यातली सूज आटोक्यात राहते. चोथा मिळाला नाही तर काय होतं, तेही उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. उपाशी जिवाणूंपैकी काही जण अस्तरावरचा बुळबुळीत श्लेष्माचा थरच खायला लागतात. थर पातळ झाला की रोगजंतूंना आत शिरायला वाट मिळते.

रोगप्रतिकारक पेशींचा फार मोठा वाटा आतड्याच्या भिंतीत असतो, आणि कोणाशी भांडायचं व कोणाला सोडून द्यायचं हे त्या लहानपणी या जिवाणूंच्या सहवासात शिकतात. जन्मापासून पूर्ण जंतुरहित वाढवलेल्या उंदरांमध्ये ही यंत्रणा अर्धवटच राहते. शिवाय वजन टिकवायला त्यांना इतर उंदरांपेक्षा जास्त खावं लागतं.

जीवनसत्त्वंही हे जिवाणू बनवतात. के जीवनसत्त्वाचा थोडा वाटा त्यांच्याकडून मिळतो. बी-12 मात्र फसवं आहे. मोठ्या आतड्यातले जिवाणू ते बनवतात खरे, पण ते शोषलं जातं लहान आतड्याच्या शेवटच्या भागात, म्हणजे अलीकडे. पलीकडे बनलेलं उलटं येऊ शकत नाही. म्हणून माळकरी किंवा जैन घरातल्या माणसाने ‘पोटातले जिवाणू आहेत की’ म्हणून बी-12 कडे दुर्लक्ष करू नये. दूध-दही खाणाऱ्यांनाही ते कमी पडू शकतं.

खानदेशच्या माणसाला वाचायला आवडेल असा एक अभ्यास 2010 साली प्रसिद्ध झाला. इटलीतल्या शास्त्रज्ञांनी फ्लॉरेन्स शहरातली मुलं आणि आफ्रिकेतल्या बुर्किना फासो देशाच्या बुलपॉन गावातली मुलं यांच्या शौचाचे नमुने तपासले. बुलपॉनची मुलं काय खात होती? बाजरी, ज्वारी, चवळी आणि भाजीपाला. तेच खाणं, जे अमळनेर-शिंदखेड्याच्या कोरडवाहू गावात पिढ्यान् पिढ्या चाललं. त्या मुलांच्या आतड्यात प्रिव्होटेला गटाचे, धान्याचा चोथा मोडण्यात तरबेज असलेले जिवाणू भरपूर होते. ती वर सांगितलेली छोटी आम्लंही इटलीच्या मुलांपेक्षा बरीच जास्त होती. आपल्या देशातही पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातल्या संशोधकांना भारतीयांमध्ये प्रिव्होटेला ठळकपणे जास्त आढळला. भोपाळ आणि केरळमधल्या लोकांची तुलना करणाऱ्या 2019 च्या एका अभ्यासात, मुख्यतः शाकाहारी, धान्यावर जगणाऱ्या भोपाळकरांमध्ये तो जास्त होता.

यावरून लगेच ‘आपलं जुनं ते सोनं’ म्हणत छाती फुगवू नये. प्रिव्होटेला जास्त म्हणजे प्रकृती उत्तम असा हिशेब नाही. बुलपॉनच्या मुलांना फ्लॉरेन्सच्या मुलांपेक्षा आजार कमी असतात असंही यावरून ठरत नाही. इतकंच कळतं की जसं ताट, तसे आतले रहिवासी. आणि ताट बदललं की तेही बदलतात, फार लवकर. 2015 च्या एका प्रयोगात अमेरिकेतले वीस कृष्णवर्णीय आणि दक्षिण आफ्रिकेच्या खेड्यातले वीस जण यांच्या आहाराची दोन आठवडे अदलाबदल केली. अमेरिकनांना भरपूर चोथ्याचं आफ्रिकी जेवण, आफ्रिकनांना चरबी-मांसाचं अमेरिकन जेवण. दोन आठवड्यांत अमेरिकनांचं ब्युटिरेट वाढलं आणि आतड्यातल्या सुजेच्या खुणा कमी झाल्या. आफ्रिकनांचं उलट झालं.

आपल्याकडे ही अदलाबदल कुणी प्रयोग म्हणून केलेली नाही, ती आपसूक चालली आहे. शंभर ग्रॅम ज्वारीत साधारण दहा ग्रॅम चोथा असतो, बाजरीत त्याहून किंचित जास्त. तेवढ्याच मैद्यात तीन ग्रॅमही नाही. दिवसाला तीसेक ग्रॅम चोथा पोटात जावा असं आहारतज्ज्ञ सांगतात. सकाळी चहा-खारी, दुपारी पाव, रात्री हाटेलातली शेवभाजी असा दिवस गेला तर तो आकडा दिसणारही नाही. (शेवभाजीवर माझा राग नाही. तिच्यासोबत भाकरी घ्या, एवढंच.) कळण्याच्या भाकरीची खुबी अशी की ज्वारी आणि उडीद एकत्र दळल्याने धान्याचा आणि कडधान्याचा असा दोन्ही जातींचा चोथा एकाच घासात जातो. जिवाणूंच्या वेगवेगळ्या जाती वेगवेगळा चोथा खातात, म्हणून एकाच गोष्टीचा ढीग खाण्यापेक्षा विविधतेचा उपयोग जास्त. रात्रीच्या शिळ्या भाकरीतही थोडी गंमत आहे. शिजलेला स्टार्च थंड झाला की त्याचा काही भाग घट्ट रचनेत बसतो आणि आपल्या एन्झाइम्सना दाद देत नाही. तोही मग जिवाणूंच्या वाट्याला जातो. फरक फार मोठा नाही, पण आहे.

आता आंबवलेले पदार्थ. उन्हाळ्यात बिबड्यांची (ज्वारीच्या पापडांची) ज्वारी आणि कुरडयांचे गहू भिजत पडले की घराला आंबूस वास सुटतो. तो जिवाणूंच्याच कामाचा वास. पण पीठ शिजवलं, वाळवलं आणि वर्षभराने तळलं की त्यातला एकही जिवंत राहत नाही. आंबवल्याने पदार्थाला चव आली, तो पचायला हलका झाला, हा फायदा उरतो. जिवंत जिवाणू हवे असतील तर दही-ताक. 2021 साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात छत्तीस निरोगी माणसांवर एक प्रयोग झाला. निम्म्यांना दही, केफिर (ताकासारखं आंबवलेलं दूध) असे आंबवलेले पदार्थ दहा आठवडे भरपूर दिले, निम्म्यांना चोथा वाढवून दिला. आंबवलेलं खाणाऱ्यांमध्ये जिवाणूंची विविधता वाढली आणि सूज दाखवणारी रक्तातली बरीच प्रथिनं उतरली. चोथावाल्यांमध्ये तेवढ्या काळात विविधता वाढली नाही. चोथ्याची बाजू मांडणाऱ्या माझ्यासारख्यांनी हा निकाल सांगायला कचरू नये. शक्यता अशी सांगितली जाते की ज्यांच्या आतड्यातून तो चोथा खाणाऱ्या जातीच नाहीशा झाल्या आहेत, त्यांच्यात नुसता चोथा घालून त्या उगवणार कुठून?

ताकापेक्षा प्रोबायोटिकच्या, म्हणजे जिवंत जिवाणूंच्या पुड्या-कॅप्सूल बऱ्या का? बहुतेक वेळा नाही. अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने 2020 मध्ये सगळे पुरावे चाळले आणि बहुतेक पोटविकारांत ते देण्याइतका पुरावा नसल्याचं सांगितलं. अपवाद मोजके, त्यातला एक म्हणजे दिवस भरण्याआधी जन्मलेली कमी वजनाची बाळं. शिवाय कोणता जिवाणू, हे महत्त्वाचं असतं. ‘प्रोबायोटिक’ एवढंच नाव वाचून काही कळत नाही.

योग्य बाळाला योग्य जिवाणू योग्य वेळी दिला तर केवढा फरक पडतो, हे आपल्याच देशात दिसलं. ओडिशाच्या खेड्यांत पिनाकी पाणिग्रही आणि सहकाऱ्यांनी साडेचार हजारांवर नवजात बाळांचा अभ्यास केला. तो 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांना जन्मानंतर सात दिवस लॅक्टोबॅसिलस प्लान्टारम हा जिवाणू आणि त्याचं खाद्य असलेली एक शर्करा दिली. पहिल्या दोन महिन्यांत जंतुसंसर्गाने आजारी पडणं किंवा दगावणं हे दुसऱ्या गटात नऊ टक्के होतं, या गटात 5.4 टक्के. ही सगळी बाळं आईच्या दुधावर होती, हेही इथे महत्त्वाचं.

कारण आईचं दूध एकट्या बाळासाठी नसतंच. दुधातल्या घन भागात लॅक्टोज आणि स्निग्धांशानंतर तिसरा नंबर लागतो तो अशा शर्करांचा, ज्या बाळाला पचवताच येत नाहीत. त्या खातात बायफिडोबॅक्टेरियम गटाचे जिवाणू. ते वाढले की आतडं आम्लधर्मी होतं आणि रोगजंतूंना तिथे टिकणं अवघड जातं. आपल्याकडे जन्मल्याबरोबर बाळाला मधाचं बोट चाटवण्याची रीत अजून आहे. ती मोडायला हवी. मधात क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम या जंतूचे बीजाणू असू शकतात. मोठ्या माणसाच्या आतड्यात आधीच गर्दी असल्याने ते रुजत नाहीत. बाळाच्या आतड्यात रुजतात, विष सोडतात, आणि बाळ लुळं पडतं. असं क्वचित होतं, पण झालं तर जिवावर बेततं. वर्षाच्या आत मध नको.

आता नंदुरबारकडे वळू. धडगाव, अक्कलकुवा, सातपुड्यातले पाडे. कुपोषणाच्या बातम्या तिथून वर्षानुवर्षं येतात. कुपोषित मुलाला भरपूर उष्मांक दिले की वजन वाढतं, पण उंची, मेंदूची वाढ, आजाराला तोंड देण्याची ताकद बरेचदा मागेच राहते. का? अमेरिकेतले जेफ्री गॉर्डन आणि ढाक्यातल्या आंतरराष्ट्रीय अतिसार संशोधन केंद्राचे तहमीद अहमद यांनी यावर बरीच वर्षं काम केलं. त्यांना दिसलं की निरोगी मुलाच्या आतड्यातले जिवाणू वयाबरोबर ठरावीक क्रमाने बदलतात, प्रौढ होत जातात. कुपोषित मुलाचे मात्र वयाच्या मानाने लहानच राहतात. नुसतं जास्त खाऊ घालून ते मोठे होत नाहीत.

मग त्यांनी प्रश्न उलटा विचारला. कोणतं अन्न दिलं तर नेमक्या मागे पडलेल्या जिवाणूंना बळ मिळेल? प्राण्यांवर आणि मग मुलांवर बरीच मिश्रणं तपासून शेवटी जे टिकलं, त्यात होतं हरभऱ्याचं पीठ, शेंगदाण्याचं पीठ, सोयाबीनचं पीठ आणि कच्ची केळी. ढाक्याच्या मीरपूर वस्तीत बारा ते अठरा महिन्यांच्या सव्वाशेच्या आसपास मुलांवर ते तीन महिने वापरलं. निम्म्यांना नेहमीचं तयार पूरक अन्न, निम्म्यांना हे. निकाल 2021 मध्ये आला. नव्या मिश्रणात उष्मांक कमी असूनही त्या मुलांची वाढ जास्त चांगली झाली आणि हाडं व मेंदूच्या वाढीशी जोडलेली प्रथिनं रक्तात वाढली.

ती चार नावं पुन्हा वाचा. हरभरा, शेंगदाणा, सोयाबीन, कच्ची केळी. यातलं काय धुळे-जळगावात पिकत नाही? रावेर, यावल, चोपड्याची केळी कच्चीच कापली जातात आणि ट्रक भरभरून उत्तरेकडे जातात. कच्च्या केळ्यात आपल्याला न पचणारा स्टार्च भरपूर असतो, पिकलं की त्याची साखर होते. म्हणून मिश्रणात कच्चं केळं, पिकलेलं नाही. रावेरहून धडगाव काही परदेशात नाही. तरी ही दोन टोकं एकत्र आणून आपल्या पोषण आहारात असं काही तपासून पाहावं, असं मला फार वाटतं. तपासून, असं मुद्दाम म्हणतो. ते मिश्रण मोजून, शिजवून, दळून केलेलं होतं. घरी लेकराला नुसतं कच्चं केळं कुस्करून देणं म्हणजे तो उपाय नव्हे. आणि पाड्यावर स्वच्छ पाणी नसेल, आईच अशक्त असेल, कामासाठी घर सहा महिने गुजरातेत असेल, तर ते प्रश्न जिवाणू सोडवणार नाहीत.

अँटिबायोटिकबद्दल सांगायलाच हवं. लग्नसराईत जेवण बाधलं की माणूस थेट मेडिकलवर जातो आणि जुलाब थांबवायला अँटिबायोटिक गोळ्यांची पट्टी घेऊन येतो. पाण्यासारख्या साध्या जुलाबांना बहुतेक वेळा अँटिबायोटिक लागत नाही, ओआरएस लागतं. गोळी रोगजंतू आणि राबते जिवाणू असा भेद करत नाही. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात बारा निरोगी पुरुषांना चार दिवस तीन जबर अँटिबायोटिक दिली. दीड महिन्यात बहुतेक जिवाणू परतले, पण आधी असलेल्या काही नेहमीच्या जाती सहा महिन्यांनंतरही दिसल्या नाहीत. रान मोकळं पडलं की आधी उगवतं ते तण, तसंच आतड्यातही होतं. क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल नावाचा जंतू अशा वेळी माजतो आणि म्हाताऱ्या, आजारी माणसाचे जुलाब थांबता थांबत नाहीत. त्यावर निघालेला उपाय ऐकून नाक मुरडाल: निरोगी माणसाचं शौच गाळून रुग्णाच्या आतड्यात सोडणं. अमेरिकेत डेन्व्हरच्या डॉक्टरांनी तो 1958 मध्येच करून पाहिला होता. 2013 मध्ये नेदरलँड्समध्ये रीतसर चाचणी झाली तेव्हा एकाच वेळेच्या उपचाराने 81 टक्के रुग्ण बरे झाले, नेहमीच्या औषधाने 31 टक्के. फरक इतका उघड होता की चाचणी मध्येच थांबवावी लागली. आपल्याकडे लुधियानाच्या दयानंद मेडिकल कॉलेजात अल्सरेटिव्ह कोलायटिस या मोठ्या आतड्याला सूज आणि व्रण येणाऱ्या आजारासाठी हा उपचार केला जातो. डॉक्टरने गरजेपोटी दिलेलं अँटिबायोटिक मात्र पूर्ण घ्यावं. न्यूमोनियात जिवाणूंची कणव करत बसू नये.

ठेचा खाऊन अल्सर होतो ही समजूत तर घराघरांत आहे. जठराच्या अल्सरची मुख्य कारणं दोन: हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू आणि काही वेदनाशामक गोळ्या. ऑस्ट्रेलियाचे बॅरी मार्शल हे सांगत होते तेव्हा कुणी ऐकेना. म्हणून 1984 मध्ये त्यांनी या जंतूंचं द्रावण स्वतःच पिऊन जठराची सूज ओढवून घेतली. 2005 चं नोबेल त्यांना आणि रॉबिन वॉरन यांना मिळालं. असलेला अल्सर तिखटाने झोंबेल, पण तो तिखटाने झालेला नसतो.

लठ्ठपणा, मधुमेह, नैराश्य, पार्किन्सन यांची नावं आता आतड्यातल्या जिवाणूंशी जोडली जातात. इथे जपून वाचावं. आजारी माणसाचे जिवाणू वेगळे दिसले, म्हणजे त्यांनी आजार आणला असं होत नाही. ऑटिझमचंच पाहा. स्वमग्न मुलांचे जिवाणू वेगळे असतात म्हणून बराच गाजावाजा झाला. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 2021 मध्ये दाखवलं की ही मुलं मोजकेच पदार्थ खातात, आणि बराचसा फरक त्या खाण्यामुळेच पडतो. ‘नव्वद टक्के सेरोटोनिन (मनःस्थितीशी जोडलं जाणारं रसायन) आतड्यात बनतं’ हेही खरं, पण ते मेंदूत शिरत नाही. घरबसल्या शौच तपासून आहार सांगणाऱ्या महागड्या किटांवर माझ्या मते आज पैसे घालू नयेत.

ताट बदलायचंच असेल तर हळूहळू बदला. पावावरून एकदम कळण्याची भाकरी, मटकी आणि उडदाच्या डाळीवर आलात तर पोट फुगणार. कडधान्यांतल्या काही शर्करा जिवाणू आंबवतात आणि हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड, काहींच्या पोटात मिथेनही तयार होतो. दोन-तीन आठवड्यांत बहुतेकांचं बस्तान बसतं. ज्यांना आयबीएस, म्हणजे वारंवार पोट दुखण्या-बिघडण्याचा जुना त्रास आहे, त्यांच्यातल्या अनेकांना कांदा-लसूण आणि गहू मुळातच सोसत नाहीत. त्यांनी हा लेख वाचून जोर लावू नये, आहारतज्ज्ञाला विचारावं. आणि शौचातून रक्त जाणं, कारण नसताना वजन उतरणं, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, चाळिशी-पन्नाशीनंतर शौचाच्या सवयीत अचानक बदल, यातलं काही असेल तर ताक पिऊन वाट पाहू नका. डॉक्टरकडे जा, त्याच आठवड्यात.